चिनी तत्त्वज्ञान व्हिडिओ गेममध्ये सजावट म्हणून येते की खेळाचा नियम म्हणून?

परळी खोरे (सातारा) – प्रश्न

नमस्कार. साताऱ्यातील एका वाचनालयात पुढील महिन्यात माझे व्याख्यान आहे. पारंपरिक चिनी तत्त्वज्ञान आणि सौंदर्यविचार आजच्या व्हिडिओ गेममध्ये कसे उतरले आहेत, हा विषय मी स्वतःच सुचवला. भारतीय तत्त्वज्ञान शिकवताना बौद्ध विचाराच्या ओघात लाओत्से आणि च्वांगत्से या ताओवादी, म्हणजे निसर्गक्रमाशी जुळवून घेण्याचा मार्ग सांगणाऱ्या, प्राचीन चिनी विचारवंतांचे वाचन झाले होते. पुढे घरातील तरुण मंडळींच्या आग्रहामुळे २० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा खेळ पाहिला आणि त्यातील काही भाग स्वतः खेळलो.

हा विषय श्रोत्यांना परका वाटू नये यासाठी सुरुवात ह्युएनत्संगापासून करावी असा विचार आहे. सातव्या शतकात भारतात आलेला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे आणि महाराष्ट्रातील लोकांच्या स्वभावाचे वर्णन लिहून ठेवणारा हा भिक्षू आपण सर्वांनी शालेय इतिहासात वाचलेला आहे. त्याच्याच प्रवासावर मिंग काळात, सोळाव्या शतकात, शंभर अध्यायांची एक अद्भुत कादंबरी रचली गेली. तीत भिक्षूचा शिष्य म्हणून येणारा वानर सुन वुकाँग हाच या खेळाचा मूळ नायक आहे.

कथेच्या पातळीवर मला पुष्कळ सापडले. कादंबरीच्या सातव्या अध्यायाच्या शीर्षकातच पंचतत्त्वांच्या डोंगराखाली ‘मनरूपी वानर’ स्थिर केला जातो असे म्हटले आहे. म्हणजे वानर हे चंचल मनाचे रूप आहे, हे तेथे उघडपणे सांगितलेले आहे. खेळात वुकाँगची शक्ती सहा अवशेषांत विखुरते आणि ते अवशेष डोळे, कान, नाक, जीभ, शरीर व मन यांचे आहेत. मनाला सहावे इंद्रिय मानणारी ही बौद्ध मांडणी आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातही मनासह सहा इंद्रियांचा उल्लेख आहे, आणि सज्जनगडाच्या परिसरात वाढलेली माणसे तर मनाला समजावणारे श्लोक लहानपणीच पाठ करतात.

तरीही एक शंका मनातून जात नाही. ड्रॅगन, पॅगोडा, कंदील आणि धुक्यातले डोंगर दाखवले म्हणजे तत्त्वज्ञान आले, असे मला श्रोत्यांना सांगायचे नाही. मी एक कसोटी लावून पाहतो: खेळातील सगळी चित्रे काढून तेथे युरोपातील किल्ले आणि सरदार ठेवले, तर खेळणाऱ्याच्या हाताला आणि निर्णयांना काही फरक जाणवेल का? जाणवणार नसेल, तर तत्त्वज्ञान वरवरचेच राहिले असे म्हणावे लागेल. या कसोटीला उतरणारे खेळ कोणते, आणि का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

हरिपूर संगम (सांगली)

सर, नमस्कार. आपली कसोटी मला मान्य आहे, परंतु ती केवळ लढाईच्या नियमांना लावली तर या खेळावर अन्याय होईल. लढाईपुरते पाहिले तर आपली शंका बरीचशी खरी ठरते. सोटा फिरवणे, वेळेवर बाजूला होणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली पाठ करणे ही रीत जपानी खेळांनी आधीच रूढ केलेली आहे. शत्रूला हरवल्यावर त्याचे रूप घेता येते, एवढाच भाग कादंबरीतील वानराला अवगत असलेल्या बहात्तर रूपांतरांशी थेट जोडलेला आहे.

मात्र खेळाच्या तिसऱ्या अध्यायाकडे नीट पाहावे. या खेळासाठी चीनमधील अनेक प्राचीन स्थळांचे त्रिमितीय स्कॅनिंग करण्यात आले आणि त्यांतील मोठा वाटा शान्शी प्रांताचा आहे. तेथील श्याओशीत्येन मंदिराच्या मुख्य दालनात मिंग काळातील रंगीत, सोनेरी मूर्ती भिंतींपासून छतापर्यंत लोंबकळल्यासारख्या रचलेल्या आहेत. ती शिल्पे खेळात दिसतात तेव्हा कोणीही क्षणभर थांबतो. पण ती दिसतात कोठे? पिवळ्या भुवयांच्या राक्षसाच्या मठात. कादंबरीत हाच राक्षस बुद्धाचे सोंग घेऊन खोटे मंदिर उभारतो आणि यात्रेकरूंना फसवतो. म्हणजे संपूर्ण खेळातील अत्यंत देखणी धार्मिक कला एका भोंदूच्या दरबारात मांडलेली आहे, आणि तिच्या दर्शनाने भारावून जाणारा खेळाडू नकळत त्या फसलेल्या यात्रेकरूंच्या जागी उभा राहतो. रूपाला भुलू नये ही शिकवण येथे कोणी तोंडाने सांगत नाही, ती डोळ्यांवर प्रयोग करून दाखवली जाते. चित्रे बदलली तर हा परिणाम पूर्णपणे नाहीसा होईल. त्यामुळे येथील सजावट ही निव्वळ सजावट नाही, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट शेवटाची. सर्वसाधारण शेवटात नायकाच्या, म्हणजे वुकाँगचे अवशेष शोधणाऱ्या खेळाडूच्या वानराच्या, डोक्यावर ते प्रसिद्ध सोन्याचे कडे चढवले जाते; कादंबरीत भिक्षू याच कड्याने वुकाँगला काबूत ठेवतो. बाजूच्या अवघड वाटा शोधून, एर्लांग या देवाशी लढून खेळ पूर्ण केला तर मात्र ते चढवले जात नाही. कादंबरीत हे कडे शेवटी आपोआप नाहीसे होते. वानर बुद्धपदाला पोहोचतो, कडे काढून टाकण्याची मागणी करतो आणि डोक्याला हात लावून पाहतो तो तेथे काहीच नसते. मन स्थिरावले की बंधन उरतच नाही, असा तेथील भाव आहे. खेळाने मात्र कडे नाकारण्यालाच मुक्ती मानले आहे. हा बदल लहान नाही. कादंबरीतील साधनेची कथा आजच्या खेळात सत्तेविरुद्धच्या बंडाची कथा झाली आहे, आणि व्याख्यानात आपण हा फरक जरूर मांडावा, कारण परंपरा जशीच्या तशी उतरली आहे असे सांगणे श्रोत्यांची दिशाभूल करणारे ठरेल.

व्हिडिओ गेमसारख्या विषयावर तत्त्वज्ञानाचे व्याख्यान कशाला, असे कोणी ज्येष्ठ श्रोता विचारील, त्यासाठी एक माहिती हाताशी ठेवावी. जुन्या चीनमध्ये विद्वानाच्या चार कला मानल्या जात: छिन हे तंतुवाद्य, वेइची हा पटावरचा खेळ, सुलेखन आणि चित्रकला. म्हणजे खेळाला तेथे चित्राच्या आणि संगीताच्या पंक्तीत जागा होती. वेइचीच्या १९ बाय १९ रेषांच्या पटावर रिकामी जागा वेढून आपलीशी करणे हेच साध्य असते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात बुद्धिबळाची परंपरा रुजवली, त्या सांगलीत तरी खेळाचा नियम हा विचाराचा एक प्रकार असतो, हे पटवून द्यावे लागत नाही.

रंगरेषा (मिरज)

मी चित्रकलेचा शिक्षक आहे, म्हणून फक्त दृश्याविषयी लिहितो.

अकराव्या शतकातील ग्वो शी हा सोंग काळातील थोर निसर्गचित्रकार. ‘वसंतारंभ’ हे त्याचे १०७२ मधील चित्र आजही तैपेई येथील संग्रहालयात आहे. त्याच्या विवेचनात दोन गोष्टी अशा आहेत की त्या जणू आजच्या खेळांची रचना करणाऱ्यांसाठीच लिहून ठेवल्या आहेत. पहिली गोष्ट अंतराच्या तीन प्रकारांची: पायथ्याशी उभे राहून शिखराकडे पाहणे, डोंगराच्या पुढून त्याच्या पाठीमागच्या खोलीत डोकावणे, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या सपाटीकडे नजर टाकणे. एकाच चित्रात हे तिन्ही येऊ शकतात, कारण पाहणारा एका जागी खिळलेला नाही असे गृहीत धरलेले असते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काही निसर्गचित्रे चालत जाण्याजोगी असतात, काही पाहण्याजोगी, काही रमतगमत फिरण्याजोगी आणि काही राहण्याजोगी; त्यांतील शेवटचे दोन प्रकार श्रेष्ठ, असे तो सांगतो.

गेमच्या कॅमेऱ्याचे गणित युरोपीय यथार्थदर्शनाचे आहे. समांतर रेषा दूरच्या एका बिंदूकडे धावतात आणि डोळा एकाच ठिकाणी स्थिर असतो. त्यामुळे पडद्यावरचे एक स्थिर दृश्य पाहिले तर त्याला चिनी चित्राची रीत लाभलेली नसते, मग त्यात पाइनचे वृक्ष आणि ढग कितीही असोत. खेळाडू चालू लागला की मात्र परिस्थिती बदलते. लांब गुंडाळी हळूहळू उलगडत पाहावी तशी दृश्ये एकामागून एक येतात, आणि तीन अंतरांचा अनुभव एका चित्रात नव्हे, तर एका वाटचालीत मिळतो. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या २०२० मधील खेळातील लीयुए हा प्रदेश मला यासाठी अभ्यासण्याजोगा वाटतो. झांगज्याज्ये येथील उभ्या वालुकाश्म-स्तंभांसारखे त्याचे डोंगर आहेत. खालून पाहिले तर शिखर ढगात जाते, चढून गेले तर खालचे बंदर आणि समुद्र एका सपाट पट्ट्यात पसरतात.

सूचौच्या उद्यानांचा विचारही येथे घ्यावा. ही उद्याने मुळात छोटी आहेत, परंतु वाट वळवून, भिंतीला खिडकी ठेवून आणि कुंपणाबाहेरचा मनोरा आतल्या दृश्यात सामावून घेऊन ती मोठी भासवली जातात. जी चेंग याने १६३१ च्या सुमारास उद्यानरचनेवर लिहिलेल्या ग्रंथात बाहेरचे दृश्य उसने घेण्याला फार महत्त्व दिले आहे. दूरचे शिखर दाखवून खेळाडूला वाटेला लावणारे आजचे रचनाकार हेच करतात.

आता रिकाम्या जागेविषयी. चिनी चित्रात कागद कोरा सोडला जातो आणि तो कोरेपणा धुके, पाणी किंवा आकाश म्हणून वाचला जातो. जुन्या त्रिमितीय गेममध्ये धुके यासाठी घातले जाई की यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे. तेथे धुके म्हणजे उणीव झाकण्याचा उपाय होता. आज यंत्राची ताकद वाढली असतानाही एखादा रचनाकार डोंगराचा मधला भाग जाणीवपूर्वक झाकतो, तेव्हा तो चित्रकाराचा निर्णय असतो. दुर्दैव असे, की बहुतेक मोठे खेळ याच कोऱ्या जागेवर बाण, चिन्हे, अंतरांचे आकडे आणि कामांची यादी चढवतात. ज्या चित्रात रमतगमत फिरावे, तेथे खेळाडू फक्त पुढच्या चिन्हाकडे धावतो. ‘ब्लॅक मिथ’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात नकाशाच नव्हता आणि मला तो निर्णय धाडसी वाटला होता. परंतु त्याच खेळात जागोजागी अदृश्य भिंती आहेत. समोर वाट दिसते, उतार दिसतो, पाऊल टाकता येईल असे वाटते आणि पात्र हवेत अडखळते. ग्वो शीच्या भाषेत बोलायचे तर हे दृश्य पाहण्याजोगे आहे, फिरण्याजोगे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यात नकाशा आला. भिंतींमुळे वाट चुकणाऱ्यांची सोय झाली, पण मूळ दोष नकाशाने जात नाही.

विश्रामबाग (सांगली)

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण ‘गेन्शिन’चे कौतुक वाचून एक आक्षेप नोंदवतो. त्या खेळात नवी पात्रे मिळवण्यासाठी सोडतीसारखी व्यवस्था आहे आणि तिच्यावर लोक खरे पैसे खर्च करतात. लीयुएचा देव करार पाळण्याला सर्वोच्च मूल्य मानतो, ऋषितुल्य पात्रे अलिप्ततेच्या गोष्टी सांगतात, आणि त्याच पडद्यावर मर्यादित मुदतीच्या पात्राची जाहिरात खेळाडूच्या हावेला खतपाणी घालते. तत्त्वज्ञान नियमात आहे का, हा आपला प्रश्न असेल तर पैशाचा नियम हाही नियमच आहे, आणि त्याच्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

पाचवड फाटा (वाई)

सर, आपल्या कसोटीला उतरणारे दोन खेळ मी सुचवतो आणि मग एका समजुतीविषयी लिहितो.

पहिला ‘नाइन सोल्स’. तैवानच्या रेड कँडल गेम्स या कंपनीने तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. नऊ सूर्य पाडणाऱ्या धनुर्धर यीच्या दंतकथेवर त्याचा आराखडा आधारलेला आहे, पण कथा भविष्यातील यंत्रयुगाची आहे. चित्रांपेक्षा त्याच्या लढाईचा नियम पाहावा. शत्रूचा वार अचूक क्षणी परतवला की नायकाला ‘छी’, म्हणजे प्राणशक्ती, मिळते. ती वापरून तो शत्रूच्या अंगाला मंत्रांकित कागद चिकटवतो आणि त्याचा स्फोट घडवतो. म्हणजे समोरून आलेले बळ हीच नायकाची शिदोरी आहे. क्षण थोडा चुकला तर होणारी इजा ‘अंतर्गत’ मानली जाते आणि पुढे सावधपणे खेळल्यास ती हळूहळू भरून येते. बळाला बळाने न भिडता आलेल्या बळाची दिशा वळवणे हे ताइची या चिनी युद्धकलेचे सूत्र येथे बोटांना शिकावे लागते. चित्रे युरोपीय केली तरी हा नियम तसाच राहील, हे खरे. पण तेव्हाही तो ताइचीचाच नियम राहील. म्हणून आपल्या कसोटीला मी थोडी जोड देतो: चित्रे काढून घेतल्यावरही विचार ओळखू येतो का, हे पाहावे.

कथेतही हाच ताण आहे. यी हा विज्ञानावर श्रद्धा असलेला, मृत्यूला हरवू पाहणारा संशोधक; त्याची बहीण हंग जीवन-मृत्यूचा क्रम स्वीकारणारी, ताओच्या मार्गाने जाणारी. तो जखमी अवस्थेत ज्या गावात आश्रय घेतो त्याचे नाव पीच-ब्लॉसम व्हिलेज आहे. पाचव्या शतकातील कवी ताओ युआनमिंग याने जगापासून तुटलेल्या, सुखी खेड्याची जी गोष्ट लिहिली, तिचाच हा वारसा. मूळ गोष्टीत त्या गावातून बाहेर पडलेल्या कोळ्याला ते पुन्हा सापडत नाही. खेळात त्या गावाच्या शांततेमागे एक भयंकर सत्य दडलेले आहे. ते मी येथे सांगत नाही.

दुसरा खेळ ‘जर्नी’, २०१२ मधला. तो अमेरिकेत तयार झाला, परंतु त्याचा मुख्य रचनाकार जेनोवा चेन हा शांघायमध्ये जन्मलेला आहे. त्यात पॅगोडा नाही, ड्रॅगन नाही, चिनी अक्षरसुद्धा नाही. वाळवंट, दूरचे शिखर, झगा घातलेले एक पात्र आणि वाटेत कधीतरी भेटणारा दुसरा अनोळखी खेळाडू, एवढेच. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याचे नाव खेळ संपेपर्यंत कळत नाही, त्याला इजा करता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो आणि जवळ आल्यावर दोघांच्याही उपरण्याला उडण्याची शक्ती मिळते. स्पर्धेची साधने काढून घेतल्यामुळे माणसे एकमेकांची वाट पाहू लागतात. कर्त्याने तसे जाहीर केले म्हणून नव्हे, तर रचनेवरून मी याला ताओवादी खेळ म्हणतो. चाकाच्या आऱ्या तीस असल्या तरी उपयोग मधल्या पोकळीमुळे होतो, हे लाओत्सेच्या अकराव्या प्रकरणातील म्हणणे येथे नियमाच्या रूपात उभे आहे.

चेनने विद्यार्थिदशेत ‘फ्लो’ या मानसशास्त्रीय संकल्पनेवर प्रबंध लिहिला होता. कौशल्य आणि आव्हान यांचा तोल साधला की माणूस कामात हरवून जातो, असा तो विचार आहे. त्यावरून च्वांगत्सेच्या तिसऱ्या प्रकरणातील डिंग या आचाऱ्याची गोष्ट आठवते. तो बैल कापतो, पण त्याची सुरी १९ वर्षे धार न लावता तशीच राहते, कारण सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून तो ती फिरवतो. बहुतेक लोक गोष्ट येथेच थांबवतात. पुढे डिंग असेही सांगतो, की गुंतागुंतीचा सांधा आला की तो सावध होतो, नजर रोखतो आणि हात अगदी सावकाश चालवतो. अवघड बॉसशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूशी, लढणारा मुरलेला खेळाडू नेमके हेच करतो. त्याला वारांमधली फट दिसू लागते आणि तो घाई सोडतो.

आता ती समजूत. लेव्हल वाढवणे, शक्ती साठवणे हे ताओ विचाराच्या विरुद्ध आहे, असे अनेकदा म्हटले जाते. च्वांगत्सेपुरते ते खरे आहे. परंतु चीनमध्ये ताओ हा धर्मही आहे, आणि त्या धर्मात देहातील प्राणशक्ती टप्प्याटप्प्याने शुद्ध करून अमरत्व मिळवण्याची साधना शतकानुशतके चालत आलेली आहे. साधकाच्या पायऱ्या, साधनेने देहात घडणारा अंतरीचा सुवर्णगोळा, प्रत्येक टप्प्यावरची परीक्षा ही सगळी कल्पना तेथूनच आजच्या ‘श्येनश्या’ प्रकारच्या, म्हणजे अमरत्व साधू पाहणाऱ्या वीरांच्या, कथांत आणि खेळांत आली. ‘अमेझिंग कल्टिव्हेशन सिम्युलेटर’ या २०२० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या खेळात साधकांचा मठ वसवायचा असतो. तेथे खोली कोणत्या साहित्याची आणि आत कोणत्या वस्तू, यावर तिचे फेंगशुई ठरते. पाणी लाकडाला पोसते, लाकूड अग्नीला, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला. आणि पाणी अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो. हे चक्र न समजता कोणी मठ बांधला तर साधकांची प्रगती खुंटते. दृश्य साधे, किंबहुना ओबडधोबड आहे, पण पंचतत्त्वांचा विचार नियमात भिनलेला पाहायचा असेल तर यासारखे उदाहरण मिळणे कठीण.

परळी खोरे (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिवळ्या भुवयांच्या राक्षसाचा मठ मी पाहिला होता, पण त्याकडे या दृष्टीने पाहण्याचे सुचले नव्हते. कडे गळून पडणे आणि कडे नाकारणे हा भेद व्याख्यानाच्या मध्यभागी ठेवीन, कारण मुक्ती म्हणजे काय यावर आपल्याकडचे श्रोतेही वाद घालू शकतील. वाईच्या मित्रांनी कसोटीला दिलेली जोड मी स्वीकारतो. विश्रामबागच्या मित्रांचा पैशाविषयीचा मुद्दाही घेईन. श्रोत्यांमध्ये पालक असणार आहेत.

एकच विचारायचे राहिले. वाचनालयात पडद्यावर थोडा वेळ प्रत्यक्ष खेळून दाखवण्याची सोय होणार आहे. ‘नाइन सोल्स’ दाखवावा की ‘जर्नी’?

पाचवड फाटा (वाई)

‘जर्नी’ दाखवावा. संपूर्ण खेळ साधारण दोन तासांत संपतो, त्यामुळे त्यातील वाळूवरून घसरत जाण्याचा भाग आणि शेवटची बर्फातील चढण हे दोन तुकडे वेगळे काढता येतात. शक्य असल्यास सभागृहातील एखाद्या ज्येष्ठ श्रोत्याच्या हाती कंट्रोलर द्यावा. त्यात चुकण्याची भीती नसते. ‘नाइन सोल्स’मध्ये रक्तपात बराच आहे आणि मुले उपस्थित असतील तर तो पूर्ण दाखवणे योग्य होणार नाही. त्याऐवजी सुरुवातीच्या एखाद्या साध्या शत्रूशी होणारी लढत निवडावी, प्रथम नुसते वार करून आणि नंतर फक्त आलेले वार परतवून ती दोनदा खेळावी. मी त्या दिवशी साताऱ्यास येऊ शकेन. माझ्याकडील यंत्र आणि दोन्ही खेळ घेऊन येतो, वेळ तेवढी कळवावी.